धुकं थोडं, अंधार फार

सोलापूर हा कोरड्या हवेचा जिल्हा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं हे काळ्या मातीचं पठार उन्हासाठी प्रसिद्ध आहे. परतीचा पाऊस किंवा बंगालच्या उपसागरातल्या एखाद्या वादळाची सर दिवाळीच्या आगेमागे पडून गेली, आभाळ निवळलं, वारा पडला आणि रात्री गारठा उतरला, तर पहाटे शेतांवर धुकं बसतं आणि ऊन वर आलं की विरतं. वर्षाकाठी अशा पहाटा मोजक्याच. तरीही सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कुंभारी गावाच्या अलीकडे-पलीकडे, रात्री बंपरपाशी जादा दिव्यांची जोडी असलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात. जीप, पिकअप, टेम्पो, जुन्या मारुती, नव्या हॅचबॅक. त्यातले कितीतरी दिवे कंपनीतून आलेले नाहीत. मालकाने, ड्रायव्हरने किंवा घरातल्या हातात कला असलेल्या कुणीतरी ते दारात गाडी उभी करून बसवले आहेत.

धुक्याचे म्हणून बनवलेले हे दिवे या मुलखात आले ते अंधारामुळे. ते कसे आले, याचा इतिहास रस्त्याचा आहे, मोटारींचा आहे आणि गाडीला स्वतः हात लावायच्या इथल्या सवयीचाही आहे.

मोटारीच्या आधी रस्त्यावरच्या दिव्याचं काम वेगळं होतं. बैलगाडीच्या आखाखाली टांगलेला कंदील वाट दाखवण्यासाठी नसायचा. बैलांना वाट ठाऊक असे. समोरून किंवा मागून येणाऱ्याला ‘इथे गाडी आहे’ एवढं कळावं, म्हणून तो कंदील. टांग्याच्या बाजूचे दिवेही त्याच कामाचे. सायकलला बत्ती नसली तर पोलीस अडवत, तेही सायकलस्वाराला दिसावं म्हणून नव्हे, सायकलस्वार दिसावा म्हणून. ताशी चार-पाच मैलांच्या चालीला रस्ता उजळायची गरजच नव्हती. वेग वाढला आणि दिव्याला दुसरं काम लागलं.

पहिल्या मोटारींना हे काम जमेना. रॉकेलच्या दिव्यांचा उजेड बॉनेटपुढे जेमतेम पोचायचा. मग आले कार्बाईडचे दिवे. खालच्या कप्प्यात कॅल्शियम कार्बाईडचे खडे, वरच्या कप्प्यात पाणी; चकती फिरवून थेंब-थेंब पाणी खड्यांवर सोडायचं, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा आणि तो चिनी मातीच्या बर्नरवर पांढराशुभ्र जळायचा. पाणी जास्त झालं तर ज्योत भडके, कमी झालं तर मलूल होई. मुक्कामाला पोचल्यावर उरलेला चुन्याचा राडा खरवडून काढायचा आणि बर्नरच्या बारीक भोकातली काजळी तारेने साफ करायची. ही सगळी उठाठेव ड्रायव्हरची. मोटारीच्या दिव्याशी रोज झटापट करायची सवय इथे लागली ती तेव्हापासून. जर्मनीतल्या लिपश्टाट गावी 1899 मध्ये सुरू झालेला एक कारखाना गाड्यांसाठी भोंगे आणि दिवे बनवत असे; 1908 मध्ये त्याने आपल्या एका दिव्याला ‘हेला’ हे नाव दिलं. पुढे भारतीय ड्रायव्हरच्या तोंडी ते नाव इतकं बसलं की जादा दिवा म्हणजे हेला, असं समीकरणच झालं. इंग्लंडच्या लुकास कंपनीने त्याआधीच, 1879 मध्ये, सायकलसाठी ‘किंग ऑफ द रोड’ नावाचा दिवा काढला होता.

विजेचे दिवे अमेरिकेत कॅडिलॅकने 1912 मध्ये सेल्फ-स्टार्टरसोबत दिले, आणि पुढच्याच वर्षी बॉशने डायनमो, रेग्युलेटर आणि हेडलाइट यांचा एकत्र संच बाजारात आणला. तिथून दिव्याचा ताबा पाण्याच्या थेंबाकडून तारेकडे गेला. भारतात 1914 साली मोटार वाहनांचा पहिला देशव्यापी कायदा झाला. 1928 मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि शेवरोले, ब्युइक या गाड्या दख्खनच्या मुरमाड रस्त्यांवर धुरळा उडवू लागल्या. संस्थानिक, वकील, गिरणीमालक, कापसाचे व्यापारी हे त्यांचे मालक.

आता धुक्याकडे वळू. दाट धुक्यात हेडलाइट अप्पर केला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचे थेंब साधारण 10 ते 20 मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. डोळ्यांच्या उंचीवरून गेलेला उजेड त्यांवर आपटून थेट डोळ्यांत परततो. युरोपातल्या दिवेवाल्यांनी यावर उपाय काढला तो साधा होता: दिवा शक्य तितका खाली बसवायचा, झोत रुंद पसरायचा आणि त्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ ठेवायची, जेणेकरून उजेड रस्त्यावरच राहील आणि ड्रायव्हरच्या नजरेच्या रेषेत शिरणार नाही. फॉगलॅम्प म्हणजे एवढंच: उंची, पसारा आणि कड. त्याला लांबचं दाखवायचं नसतं. तो गाडीच्या पुढचे काही मीटर आणि रस्त्याच्या दोन्ही कडा दाखवतो.

मग पिवळा रंग कुठून आला? फ्रान्सने 1937 पासून गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे केले आणि ती सक्ती 1993 पर्यंत टिकली. त्यामागे मुख्य विचार समोरच्याच्या डोळ्यांवरचा ताण कमी करण्याचा होता. जगभर मात्र ‘पिवळा उजेड धुकं फाडतो’ अशी समजूत पसरली आणि आपल्याकडे तर ती पक्की रुजली. भौतिकशास्त्र तिला दुजोरा देत नाही. दृश्य प्रकाशाची लहर एक मायक्रॉनहूनही आखूड, आणि थेंब तिच्या कितीतरी पट मोठा. एवढ्या मोठ्या थेंबावर निळा काय नि पिवळा काय, जवळपास सारखाच विखुरतो. पिवळ्या काचेने डोळ्यांना थोडा निवांतपणा मिळतो, हे अनेक ड्रायव्हर सांगतात आणि ते खरंही असेल. पण चुकीच्या उंचीवर, आभाळाकडे तोंड करून बसवलेला पिवळा दिवा धुक्यात पांढऱ्याइतकाच निरुपयोगी ठरतो.

दुसऱ्या महायुद्धाने गाडीच्या दिव्यांना हात लावायची आणखी एक सवय लावली. मुंबईसारख्या शहरांत ब्लॅकआउट होते; हेडलाइटवर झाकणं बसवून उजेड खाली पाडावा लागे. 1965 आणि 1971 च्या युद्धांत पुन्हा तेच झालं: गाड्यांच्या काचांवर काळा रंग, काळा कागद. युद्ध संपलं तरी हेडलाइटच्या वरच्या भागावर काळा पट्टा किंवा ठिपका काढायची रीत पुढे कित्येक वर्षं चालली. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये म्हणून पोलीसही तो काढायला लावत. ब्रश घेऊन आपल्या गाडीचा दिवा आपणच बदलायचा, ही गोष्ट त्या पिढीला अगदी साधी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या विलीस जीप महाराष्ट्रातल्या गावोगावी पोचल्या आणि 1947 पासून महिंद्राने मुंबईत त्याच जीप जोडायला घेतल्या. या जुन्या जीपची वीज सहा व्होल्टची. तारा जुन्या, सांधे गंजलेले, त्यामुळे दिवा मिणमिणता. बागायतदार, पुढारी, डॉक्टर अशांच्या जीपवर जादा दिवे चढले ते मिरवण्याआधी गरज म्हणून.

इथे सोलापूरचा एक माणूस या इतिहासात येतो. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 मध्ये सोलापूरचा. रेल्वेची कंत्राटं, जहाजं, विमानं, साखर अशी मजल मारत त्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकी बनावटीच्या गाड्या बाहेर पडल्या आणि पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार होऊन फियाट आली. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने ठरवलं की, ज्यांना सुटे भाग इथे बनवायचे नाहीत, त्यांनी नुसती जोडणी करू नये. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. देशात मोटारींच्या मोजक्याच जाती उरल्या: फियाट, ॲम्बॅसेडर, स्टँडर्ड, आणि जीप. 1964 नंतरची फियाट 1100 डिलाइट पुढे 1974 मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली आणि शतक संपेपर्यंत बनत राहिली.

या बंद बाजाराला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि नोंदणी करून वर्षानुवर्षं गाडीची वाट पाहणाऱ्यांना तो हक्क आहेच. पण गाडीला स्वतः हात लावणाऱ्यासाठी तो काळ शाळेसारखा ठरला. तीस वर्षं तीच गाडी, तोच सात इंची गोल हेडलाइट, तेच फ्यूज, तेच वायरिंग. एकाने शिकलेलं दुसऱ्याला जसंच्या तसं उपयोगी पडे. आणि कंपनी गाडीसोबत देई फारच थोडं. डाव्या बाजूचा आरसा, रेडिओ, जादा दिवे हे सगळं मालकाने आपलं आपण पाहायचं. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर या सुट्या भागांच्या बाजारपेठा त्यावरच वाढल्या. सोलापूरचा माणूस पुण्याला कामाला गेला की येताना पिशवीतून दिव्यांची जोडी आणी.

फियाटला दिवे बसवायचे म्हणजे आधी बंपर. लोखंडी, क्रोम चढवलेला. त्याला भोकं पाडायची किंवा मागून पत्ती वाकवून नटबोल्टने कसायची. एक तार बॅटरीच्या प्लसवरून थेट डॅशबोर्डखाली, तिथे एक टॉगल स्विच, तिथून तार परत पुढे दिव्याकडे. दुसरं टोक बॉडीला अर्थ. चालू केलं की दिवे झक्कन लागत आणि घरातली सगळी मंडळी बाहेर येऊन बघत. काही दिवसांनी स्विच गरम होऊ लागे. मग त्याचं प्लास्टिक वितळे. कधी इन्सुलेशन जळाल्याचा वास गाडीत भरे.

कारण साध्या गणितात होतं. 55 वॅटचे दोन दिवे म्हणजे 110 वॅट. 12 व्होल्टला ते नऊ अँपिअरच्या वर ओढतात. दिवाणखान्यात शोभेल अशा नाजूक खटक्यातून आणि बारीक तारेतून एवढा प्रवाह नेला तर ती तापणारच. शिवाय त्या काळच्या लहान मोटारींचा डायनमो वीस अँपिअरच्या आतबाहेरचा. हेडलाइटचे सात-आठ, इग्निशनचे तीन-चार, वायपरचे दोन-तीन, मागचे दिवे वेगळे. त्यात जादा दिव्यांचे नऊ घातले की डायनमो मागे पडे आणि उरलेली वीज बॅटरीतून जाई. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात वायपर, हेडलाइट आणि फॉग असं सगळं एकदम चालवलेली फियाट सकाळी धक्का मारून सुरू करावी लागे, त्याचं कारण हे. कमी आरपीएमला तर डायनमो जवळपास काहीच देत नसे. गाडी थांबली की दिवे डोळे मिटल्यागत मंद होत. अल्टरनेटर आला आणि हा प्रश्न बराचसा सुटला.

रिले हा या कामाचा खरा शोध, निदान घरी दिवे बसवणाऱ्यांच्या दृष्टीने. काड्यापेटीपेक्षाही लहान असा तो काळा चौकोन. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक लोखंडी पट्टी. स्विचमधून जाणारा अगदी थोडा प्रवाह वेटोळ्याला चुंबक बनवतो, चुंबक पट्टी ओढतो, आणि दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीवरून जाड तारेने थेट दिव्यांकडे वाहतो. चार पिना, त्यांवर चार आकडे: 30 बॅटरीकडून, 87 दिव्याकडे, 85 आणि 86 वेटोळ्याची दोन टोकं. इंग्रजीचा गंध नसलेले वायरमन हे आकडे पाढ्यांसारखे तोंडपाठ म्हणत. हे आकडे जर्मन मानकातले, म्हणून पुष्कळ देशांच्या गाड्यांत तेच. रिलेने स्विच वाचला, आणि उजेडही वाढला. दिव्यापर्यंत पोचता पोचता तारेत दहा टक्के व्होल्टेज गळालं, तर फिलामेंटच्या बल्बचा उजेड जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. लांब, बारीक, गंजलेल्या तारेवर महागडा बल्ब लावणाऱ्याचे पैसे असे वाया जात.

बल्बही बदलत होता. युरोपात 1962 मध्ये गाड्यांसाठी हॅलोजन बल्ब आला आणि 1971 मध्ये दोन फिलामेंटचा एच-4. आपल्याकडे तो हळूहळू उतरला, आणि ‘हॅलोजन’ हा शब्द गावोगावी प्रखरतेचं माप बनला. हौसेचा वाटाही विसरून चालणार नाही. 24 नोव्हेंबर 1968 रोजी लंडनहून सिडनीला निघालेली मोटारींची मॅरेथॉन डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईला पोचली. तिथून गाड्या ‘चुसान’ नावाच्या बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. लंडनहून निघालेल्या 98 गाड्यांपैकी 72 मुंबईपर्यंत टिकल्या. नाकावर चार-चार, सहा-सहा दिवे लावलेल्या, धुळीने माखलेल्या त्या गाड्या पाहायला लोक जमले होते. तसलं रूप आपल्याही गाडीला यावं, असं पुष्कळांना वाटू लागलं असेल तर त्यात नवल नाही.

सोलापूरकडे मात्र हौसेपेक्षा मोठं कारण तयार होत होतं. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि ज्वारीच्या या जिल्ह्यात ऊस पसरला. आज जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत; कुंभारीपासून जवळच, कुमठ्याला, सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि थंडीभर चालतो. म्हणजे रात्री सगळ्यांत लांब, पहाटे धुक्याची शक्यता सगळ्यांत जास्त, आणि नेमक्या त्याच महिन्यांत उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि टायरच्या बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर. ट्रॉलीचा मागचा दिवा बहुधा बंद, असलाच तर उसाच्या लोंबत्या वाढ्यांआड दडलेला. वर फडात जाळलेल्या पाचटाचा धूर खाली उतरून धुक्यात मिसळतो. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर कापते. पन्नास मीटरवर ट्रॉली दिसली तर हातात तीन सेकंद. रस्त्यातच पंक्चर होऊन उभी राहिलेली ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, दगड ठेवलेले: जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचे आधार याच चित्राने हिरावले आहेत. दर हंगामाला आरटीओ आणि कारखाने ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम काढतात, आणि ती दर हंगामाला नव्याने काढावी लागते.

अक्कलकोटचा रस्ता याहूनही गजबजलेला. स्वामी समर्थांच्या दर्शनाला, पुढे गाणगापूरला जाणाऱ्यांची वर्दळ गुरुवारी आणि पौर्णिमेला रात्रीही असते. पायी जाणारे भाविक साइडपट्टीवरून चालतात. कुंभारी स्वतःही पूर्वीचं खेडं राहिलेलं नाही. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहत, दहा हजार घरांची, 2006 मध्ये इथेच वसली. इथल्याच, असंघटित कामगारांच्या रे नगर वसाहतीतली तीस हजारांपैकी पहिली पंधरा हजार घरं 19 जानेवारी 2024 रोजी लोकांच्या ताब्यात गेली. अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालयही कुंभारीतच. सोलापुरातलं काम आटोपून रात्री घरी परतणारी माणसं, दुचाक्या, रिक्षा, सायकली, ॲम्ब्युलन्स, उसाच्या ट्रॉल्या आणि पालखीमागून चालणारी माणसं, हे सगळं एकाच रस्त्यावर. अलीकडच्या वर्षांत रस्ता चौपदरी झाला, वेग वाढला. कडेचा अंधार तसाच.

अशा रस्त्यावर फॉगलॅम्पचा रुंद, खालचा झोत धुक्याशिवायही उपयोगी पडतो. हेडलाइट लांबचं दाखवतो. डावीकडच्या मुरमावरून चालणारी बाई, गाईचा पाय, साइडपट्टीची खचलेली कड दाखवतो तो फॉगलॅम्प. धुक्यासाठी घडवलेली वस्तू खेड्यातल्या काळोख्या वाटेला लागू पडली. काळी-पिवळी जीप, ट्रॅक्स, सुमो, बोलेरो यांचे बंपर लोखंडी आणि मजबूत. पाना, ड्रिल आणि टेप एवढ्या सामग्रीत काम होई. इथला डाळिंबाचा माल घेऊन मुंबईला निघालेल्या टेम्पोला पावसाळ्यात खंडाळ्याला खरं धुकंही भेटे, तेव्हा त्या दिव्यांचं मूळ कामही साधे.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली आणि तिच्यामागून प्लास्टिकच्या बंपरचं युग आलं. त्यात फॉगलॅम्पची खोबण कंपनीच घडवते. महाग मॉडेलमध्ये तिथे दिवा असतो. स्वस्त मॉडेलमध्ये काळं झाकण. दिव्यासाठी लाखभर जादा मोजण्यापेक्षा ते झाकण काढून बाजारातला संच बसवावा, हा विचार ज्याच्या मनात येत नाही असा मध्यमवर्गीय मालक विरळा. संचात दिव्यांची जोडी, कडेची चौकट, तयार हार्नेस, रिले, फ्यूज आणि स्विच असतो. बॅटरीचं मायनस आधी सोडायचं. बंपरच्या क्लिपा जपून उचकटायच्या, कारण त्या तुटल्या की खडखड आयुष्यभराची. इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्यातून तार आत घेताना रबरी ग्रोमेट हवंच. नाहीतर पत्र्याची धार महिन्या-दोन महिन्यांत इन्सुलेशन कापते. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, म्हणजे वाटेत कुठेही तार शॉर्ट झाली तरी आधी फ्यूज उडेल. अर्थ द्यायच्या जागेवरचा रंग खरवडून धातू उघडा करायचा. यातलं एकही काम अवघड नाही आणि यातलं एकही टाळण्यासारखं नाही. गाडीला आग लागल्याच्या कितीतरी घटनांमागे असा एखादा उघडा सांधा असतो.

नव्या गाड्यांत हे कसबही आकुंचित होत आहे. दिव्यांवर आता संगणकाची नजर असते. मूळ वायरिंगला टोचा मारून वीज घेतली तर डॅशबोर्डवर इशारे लागतात आणि कंपनी वॉरंटी नाकारू शकते. कायदाही सावध झाला आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम सांगतो की, पुढच्या दिव्याचा झोत इतका खाली हवा की आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. 111 वा नियम स्पॉटलाइट आणि सर्चलाइटला मनाई करतो. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने बंपरपुढच्या लोखंडी बुलबारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आणि दिवे टांगायची एक आवडती जागा गेली. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत असे बदल गाडीत करता येणार नाहीत. त्यामुळे आज घरी काम करणाऱ्याने त्याच मॉडेलसाठी कंपनीने मान्य केलेला संच, ठरलेल्या खोबणीत, ठरलेल्या वॅटचा बसवणं हेच शहाणपणाचं.

पण रस्त्यावर दिसतं ते वेगळं. स्वस्त एलईडीच्या पट्ट्या आल्यापासून फॉगलॅम्पच्या नावाखाली टपावर, जाळीवर, बंपरवर पांढरे सूर्य उगवले आहेत. त्यांना ना कड, ना पसाऱ्याचा विचार. एकाने लावले म्हणून समोरच्याचे डोळे दिपतात. मग तोही लावतो. डिपर मारून कुणी ऐकत नाही. त्या दोन झोतांच्या मधे सापडतो तो बिनदिव्याचा सायकलवाला आणि साइडपट्टीवरून चालणारा भाविक, दोघांनाही न दिसणारा. अंधारावर उपाय म्हणून आलेल्या दिव्याने नवा आंधळेपणा आणला आहे, आणि शंभर वर्षांच्या या इतिहासातली ही सगळ्यांत वाईट पायरी आहे. काळ्या रंगाचा ठिपका काढणाऱ्या पिढीला समोरच्याच्या डोळ्यांची काळजी घ्यायला शिकवलं गेलं होतं. आजच्या पिढीला ते कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून दिवे बसवणाऱ्याने शेवटचं एक काम सोडू नये. सपाट जागी, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करावी. टायरची हवा बरोबर असावी. दिव्याचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजावं, भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूने रेघ ओढावी आणि झोताची वरची कड त्या रेघेच्या दहा ते वीस सेंटिमीटर खाली येईपर्यंत दिव्याचा स्क्रू फिरवावा. रे नगरच्या फाट्यावरून रात्री घरी वळणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर मग तो झोत जाणार नाही. धुकं नसेल आणि रस्ता उजळलेला असेल तेव्हा फॉगलॅम्प बंद ठेवावेत, आणि ट्रॉलीवाल्यांनी मागचा एक लाल दिवा तरी आजच्या आज लावून घ्यावा.